जग्वार, फोर्ड आणि टाटा : एका लाडक्या सूडकथेविरुद्ध

१/ गेली दहा वर्षे एक गोष्ट आपल्या भ्रमणध्वनींवर अखंड फिरत आहे. रतन टाटा अमेरिकेत गेले, फोर्डच्या मालकाने त्यांचा अपमान केला, ते मुकाट्याने परतले आणि नऊ वर्षांनी त्याच फोर्डकडून जग्वार विकत घेऊन त्यांनी सूड उगवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांचे निधन झाले, तेव्हा ही गोष्ट श्रद्धांजली म्हणून घरोघरी पोहोचली. आजचा धागा या गोष्टीच्या विरोधात आहे.

२/ वाचकहो, टाटांविषयीच्या आदराला येथे धक्का लावायचा नाही. माझे आरोप तीन आहेत. ही गोष्ट टाटांचा मोठेपणा लहान करते. ती जग्वारचा शंभर वर्षांचा इतिहास पुसून टाकते. आणि ती अपमान करणाऱ्यांच्या हाती एक सोयीस्कर सबब देते. तिसरा आरोप मला पावणे येथे सुचला, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

३/ ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची पावणे औद्योगिक वसाहत. रसायनांच्या वासाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता महागड्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळाही आहेत. अशाच एका कार्यशाळेबाहेर चहाच्या टपरीवर एक मुलगा भेटला. आयटीआय झालेला, ॲल्युमिनियमच्या बॉडीचे काम शिकणारा. त्या दिवशी सकाळी त्याच्या वरिष्ठाने गिऱ्हाइकासमोर त्याची अक्कल, त्याचे शिक्षण, त्याचे गाव, सगळे काढले होते.

४/ “वाईट वाटलं?” मी विचारले. तो म्हणाला, “वाटलं ना काका. पण सर नंतर म्हणाले, रतन टाटांचापण अपमान झाला होता, म्हणून तर ते एवढे मोठे झाले. म्हणे, मी तुला घडवतोय.” मी अवाक् झालो. कथेचे नायक टाटा. पण ती कथा सांगणारा हा गृहस्थ फोर्डच्या खुर्चीत बसला होता आणि त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते.

५/ आता कथेचे मूळ पाहू. मार्च २०१५ मध्ये मुंबईत रतन टाटांना यशवंतराव चव्हाण राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या वतीने तो स्वीकारताना टाटा समूहातील ज्येष्ठ अधिकारी प्रवीण कडले यांनी १९९९ मधील डेट्रॉइटच्या बैठकीची आठवण सांगितली. काहीच कळत नव्हते तर मोटारींच्या धंद्यात पडलात कशाला, असे यजमानांनी सुनावले; आणि तुमचा विभाग घेऊन आम्ही तुमच्यावर उपकारच करू, असेही ते म्हणाले.

६/ बैठक झाली आणि ती कटू होती, हे मान्य करू. कडले स्वतः तेथे होते. पण त्यांच्या कथनात ते बोल ‘यजमानां’चे आहेत. बिल फोर्ड यांचे नाव येते ते २००८ च्या संदर्भात : जग्वार-लँड रोव्हर घेऊन तुम्ही आमच्यावर मोठा उपकार करत आहात, असे म्हणून त्यांनी टाटांचे आभार मानले. फिरत्या कथेने दोन्ही प्रसंग एकाच माणसाच्या तोंडी घातले, मधली नऊ वर्षे गाळली आणि एका आठवणीचा चित्रपट केला.

७/ गाळलेल्या वर्षांत काय होते? ३० डिसेंबर १९९८ रोजी टेल्कोची इंडिका बाजारात आली. प्रकल्पाचा खर्च सुमारे १,७०० कोटी रुपये. ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने आणून पुण्यात पुन्हा उभारला होता. गाडीची नोंदणी प्रचंड झाली. मागोमाग तक्रारीही आल्या. त्यातच मालमोटारींचा बाजार बसला आणि २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला.

८/ डेट्रॉइटमधल्या टोमण्याला खरे उत्तर मिळाले ते २००१ मध्ये, पुण्यात. इंडिकाची सुधारित आवृत्ती, व्ही-टू, आली आणि चालली. ते उत्तर अभियंत्यांनी एकेक तक्रार सोडवून दिले. या उत्तरात खलनायक नाही, नाट्यमय संवाद नाही. म्हणून ते कोणी पुढे पाठवत नाही. पुण्याच्या मातीतला हा पराक्रम मराठी माणसालाच ठाऊक नसावा, हे सूडकथेचे पहिले पाप.

९/ दुसरे पाप जग्वारच्या बाबतीत. कथेत जग्वार म्हणजे युद्धात जिंकलेली ढाल. वस्तुतः तिची कुळकथा स्वतंत्र आहे. १९२२ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकपूल गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली यांनी मोटारसायकलला जोडायचे साइडकार बनवण्यास आरंभ केला. पुढे ‘एसएस’ नावाच्या मोटारी आल्या. महायुद्धात ती आद्याक्षरे हिटलरच्या सैन्यामुळे बदनाम झाली, म्हणून १९४५ मध्ये कंपनीने ‘जग्वार’ हे आपल्याच एका मोटारीचे नाव धारण केले.

१०/ मग वैभवाचा काळ. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ मध्ये जिंकली. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाइप अवतरली. मोटारीच्या सौंदर्याचा मानदंड म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. लायन्स यांचे वैशिष्ट्य असे की त्यांची मोटार तिच्या किमतीपेक्षा महाग दिसे. प्रतिष्ठा अशी मिळवली गेली : शर्यतीत, आरेखनात आणि गिऱ्हाइकाला पैशांचा पुरेपूर मोबदला देण्यात.

११/ ती गमावलीही तितक्याच रीतसर गेली. १९६६ मध्ये जग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडच्या अवाढव्य कुटुंबात गेली आणि १९७५ मध्ये ते कुटुंबच सरकारजमा झाले. संप, निकृष्ट सुटे भाग, बेफिकीर तपासणी. दिसायला राजस आणि रस्त्यात बंद पडणारी, अशी तिची ख्याती झाली. १९८४ मध्ये खाजगीकरण झाले. कीर्ती सावरली, पण पूर्ववत झाली नाही.

१२/ १९८९ मध्ये फोर्डने सुमारे २५० कोटी डॉलर देऊन जग्वार घेतली. २००० मध्ये बीएमडब्ल्यूकडून सुमारे २७० कोटी डॉलरना लँड रोव्हर घेतली. फोर्डने चुका केल्या : २००१ ची एक्स-टाइप फोर्ड मॉन्डिओच्या पायावर बांधली आणि जाणकारांनी तिची थट्टा केली. पण त्याच फोर्डच्या काळात, २००३ मध्ये, एक्सजे ही मोटार ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर आली. तिचे पत्रे वेल्डिंगऐवजी मुख्यतः रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडले होते. हा तपशील लक्षात ठेवा.

१३/ मग फोर्डने या कंपन्या विकल्या का? २००६ च्या अखेरीस फोर्डने सुमारे २,३६० कोटी डॉलरचे कर्ज उभारले. त्यासाठी कारखाने तारण ठेवले. आपले निळे अंडाकृती बोधचिन्हसुद्धा तारण ठेवले. घर वाचवण्यासाठी दागिने मोडावेत तसे त्यांनी २००७ मध्ये ॲस्टन मार्टिन विकली, २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर, २०१० मध्ये व्होल्वो. व्होल्वो चीनच्या जीलीने घेतली. जीलीने कोणत्या अपमानाचा सूड घेतला होता?

१४/ आणखी एक प्रश्न. जग्वार-लँड रोव्हरसाठी टाटा एकटे नव्हते. मुंबईचीच महिंद्र कंपनी शर्यतीत होती. फोर्डचे माजी मुख्य कार्यकारी जॅक नासर ज्या गटासोबत होते, तोही होता. महिंद्रांची बोली स्वीकारली गेली असती, तर आज आपण कोणाचा सूड पुढे पाठवत असतो? आर्थिक व्यवहारास प्रारब्धाचे रूप दिले की असे साधे प्रश्न विचारायचे राहून जातात.

१५/ या व्यवहारात अपमान मात्र होता. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील जग्वार विक्रेत्यांच्या प्रमुखाने जाहीरपणे म्हटले की भारतीय मालकीची ऐषारामी मोटार स्वीकारायला अमेरिकी ग्राहक तयार नाही. उलट ब्रिटनमधील कामगार संघटनेने बोली लावणाऱ्यांपैकी टाटांना पसंती दिली होती. ज्यांची रोजीरोटी पणाला लागली होती, त्यांनी टाटांची पत ओळखली. आपल्या लाडक्या कथेत या कामगारांना जागाच नाही.

१६/ २ जून २००८ रोजी व्यवहार पूर्ण झाला. किंमत २३० कोटी डॉलर. त्यातून सुमारे ६० कोटी फोर्डने कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत भरायचे होते. कथा येथे टाळ्यांच्या गजरात संपते. वास्तव येथे सुरू होते. टाटा मोटर्सने ३०० कोटी डॉलरचे अल्पमुदतीचे कर्ज काढले होते, आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली. महागड्या मोटारींचे गिऱ्हाईक जगभरातून नाहीसे झाले.

१७/ २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला २,५०५ कोटी रुपयांचा एकत्रित तोटा झाला. त्या हिवाळ्यात जमशेदपूर आणि पुणे येथील कारखाने काही दिवस बंद ठेवावे लागले. ब्रिटिश सरकारच्या कर्जहमीच्या वाटाघाटी फिसकटल्या. २००९ साली हा ‘सूड’ कोणी साजरा केला नाही. तेव्हा अनेक विश्लेषक याला टाटांची घोडचूक म्हणत होते. यशानंतर लिहिलेल्या कथांना मधले अपयश नेहमीच गैरसोयीचे असते.

१८/ कंपनी सावरली कशी? खर्चाला कात्री, चीनमधील वाढती मागणी, नवे व्यवस्थापन आणि अभियंत्यांना दिलेली मोकळीक. २००९-१० मध्ये २,५७१ कोटींचा नफा झाला. २०११ ची इव्होक अफाट खपली. पण तिचे संकल्परूप जानेवारी २००८ मध्ये, फोर्डच्या मालकीतच, डेट्रॉइटमध्ये मांडले गेले होते. म्हणजे ज्याला आपण खलनायक ठरवले त्याच्या शेतात पेरलेले बीज टाटांनी दुष्काळात पाणी घालून वाढवले. हा पराक्रम सूडाहून मोठा नव्हे काय?

१९/ आणि जग्वार? सूडकथेची नायिका तीच. पण गेल्या दशकात कंपनीचा भार वाहिला तो मुख्यतः रेंज रोव्हर आणि डिफेंडर यांनी. जग्वारचा खप खालावत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे नवे रूप जाहीर करणाऱ्या चित्रफितीत मोटारच नव्हती, आणि जगाने टिंगल केली. जिंकलेली ढाल भिंतीवर टांगली की काम संपते. प्रतिष्ठा रोज नव्याने कमवावी लागते, आणि मालकी बदलली तरी ती आपोआप येत नाही.

२०/ कोणी म्हणेल, “तपशील सोडा हो, प्रेरणा मिळते ना?” मिळते, पण कशाची? ही कथा शिकवते की कर्तृत्वाचे इंधन म्हणजे परक्याने केलेला अवमान, आणि त्याची परिपूर्ती म्हणजे त्याच परक्याचे आभार. आपल्या कामाचे मोल डेट्रॉइटच्या तोंडून ऐकल्याखेरीज आपल्याला पटत नसेल, तर आपण अजून त्याच बैठकीत मान खाली घालून बसलो आहोत.

२१/ याहून घातक असा तिचा पावण्यातला उपयोग. अपमानाने माणूस घडतो हे एकदा मान्य केले, की अपमान करणारा आपोआप गुरू ठरतो. डेट्रॉइटच्या त्या तीन तासांत कोणी काही शिकवले नव्हते. शिकवले ते पुण्यातल्या चाचणीपथाने, गिऱ्हाइकांच्या तक्रारवह्यांनी आणि चुका दाखवून त्या दुरुस्त करू देणाऱ्या वरिष्ठांनी. चूक दाखवणे आणि माणूस उघडा पाडणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने टाटांचे नाव घेऊ नये.

२२/ त्या मुलाला मी विचारले, तू नेमके काय शिकतोस? त्याचा चेहराच बदलला. ॲल्युमिनियमचे काम लोखंडी पत्र्यापासून वेगळ्या जागेत करावे लागते. हत्यारेसुद्धा वेगळी, कारण लोखंडाचा कण अडकला तर पुढे तिथे गंज धरतो. जोड कुठे चिकटवायचा, रिव्हेट कुठे मारायचा. दहा मिनिटे तो बोलत होता. मघाचा खाली मान घातलेला मुलगा तो हाच, यावर विश्वास बसेना.

२३/ मी त्याला सांगितले : ही जोडणी जग्वारच्या एक्सजेत २००३ साली आली, फोर्डच्या काळात. तीच विद्या २०१२ च्या रेंज रोव्हरमध्ये गेली, टाटांच्या काळात. तिच्यावरून तीन देशांच्या अभियंत्यांचा हात फिरला, आणि आता ती तुझ्या हातात आहे. तो हसला. म्हणाला, “हे सरांना सांगतो.” मी म्हटले, “सरांना नको सांगूस. तुझ्यानंतर जो नवीन मुलगा येईल त्याला सांग. आणि त्याला गिऱ्हाइकासमोर ओरडू नकोस.”

२४/ यापुढे ती गोष्ट आपल्यापर्यंत येईल तेव्हा, वाचकहो, पाठवणाऱ्याला एवढेच विचारा : इंडिका व्ही-टू कोणी सुधारली? २००९ चा तोटा कोणी भरून काढला? त्या मोटारी आज पावण्यात कोण दुरुस्त करतो? उत्तरे मिळाली तर ती पुढे पाठवा.

धागा समाप्त.