ध्येयाची आरती आणि शर्यतीचा इतिहास

१/ हिंगण्याच्या एमआयडीसीत तयार होणारे महिंद्राचे ट्रॅक्टर नागपूरकरांना नवे नाहीत. विजेवर धावणाऱ्या ‘फॉर्म्युला ई’ शर्यतींतही याच महिंद्राचा संघ उतरतो. त्याची कथा आपल्याकडे ‘मोठे ध्येय ठेवले, म्हणून यश आले’ अशी सांगितली जाते. याला इतिहास म्हणत नाहीत. याला आरती म्हणतात.

२/ केवळ महत्त्वाकांक्षेने शर्यती जिंकता आल्या असत्या, तर ‘फॉर्म्युला वन’मध्ये टोयोटा अजिंक्य ठरली असती. २००२ ते २००९ असे आठ हंगाम, अफाट खर्च आणि एकही विजय नाही.

३/ महिंद्रा २०१४ मधील दहा संस्थापक संघांपैकी एकमेव भारतीय संघ. पहिल्या हंगामात सर्वांना एकसारखीच गाडी होती. तंत्रविकासाला वावच नव्हता. संघ आठवा आला.

४/ दुसऱ्या हंगामापासून नियम बदलले. मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स स्वतः घडवण्याची मुभा मिळाली. बॅटरी मात्र सर्वांना समान. ध्येयाला आता मोजमाप आले: तितक्याच विजेत अधिक वेग. २०१५ मध्ये बीजिंगला निक हाइडफेल्ड तिसरा आला. १० जून २०१७ रोजी बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. त्या हंगामात संघ तिसरा.

५/ ‘म्हणजे अखेर ध्येयच जिंकले ना?’ मग २०२३ चे काय? नव्या पिढीची गाडी आली. फेब्रुवारीत केप टाउनला मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षिततेविषयी शंका आली आणि संघाने माघार घेतली. त्याचेच तंत्र वापरणारा आब्ट संघही थांबला. हंगामाअखेर महिंद्रा दहावा. सहा वर्षांत आकांक्षा आटली, असे कोण म्हणेल?

६/ २०२४-२५ मध्ये हाच संघ चौथा आला. आरतीकार या चढ-उताराचा अर्थ लावू शकत नाहीत, कारण ते केप टाउनचे पान गाळूनच वाचतात.

७/ माझ्या मते तेच पान सर्वांत मोलाचे. ज्या ध्येयात ‘आज थांबू’ म्हणण्याची सोय नसते, त्याची किंमत चालक जिवाने मोजतो.

८/ तेव्हा मित्रहो, ध्येय किती उंच होते, एवढ्यावर समाधान मानू नका. नियमांनी काय करू दिले, संघाने काय मोजले आणि तो कुठे थांबला, हे विचारा. बर्लिनची तारीख पाठ कराच. केप टाउनची माघारही विसरू नका.