कुत्र्याची सही

कुत्रं पाळणाऱ्या माणसांशी वाद घालू नये, असा माझा जुना नियम आहे. एक तर ती माणसं आपलं ऐकत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, वाद चालू असताना ते कुत्रं आपल्याकडे टक लावून बघत असतं. पण आज हा नियम मी मोडणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना वेळेवर येईल. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या उजाड मुलखात, ज्याला तिकडे ‘आउटबॅक’ म्हणतात तिथे, हजारो किलोमीटरच्या मोटारप्रवासाला कुत्र्याला बरोबर नेऊ नये. नेतो ती आपली हौस असते, आणि तिचं बिल कुत्र्याच्या नावावर फाडलं जातं.

‘काउंटरवर बसणाऱ्या माणसाला आउटबॅकमधलं काय कळतं?’ असं कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. पण माझा मेहुणा अ‍ॅडलेडला असतो. दोन वर्षं पी. एल. साठवून आम्ही उभयतां डिसेंबरात त्याच्याकडे गेलो. त्याच्या घरी गुंडू नावाचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. वजन छत्तीस किलो. उलुरू हा जगप्रसिद्ध तांबडा खडक बघायला मोटारनं जायचं ठरलं, तेव्हा मी सहज विचारलं, “गुंडूची सोय काय?”

“सोय कसली, भाऊजी? तो येणारच. घरचाच आहे तो!”

झालं. गुंडूचं सामान मोटारीत चढलं. त्याची गादी, दोन वाडगी, खाण्याची पिशवी, वीस लिटर पाणी, गोचिडांची गोळी, तोंडाला बांधायची जाळी. त्या सगळ्याला जागा करताना माझी बॅग टपावर गेली. मागच्या सीटवर एका खिडकीशी सौ., दुसऱ्या खिडकीशी मी आणि मध्ये गुंडू, अशी बैठक ठरली. आमच्या संसारात तिसऱ्याला इतकी जागा पूर्वी कधी मिळाली नव्हती.

अ‍ॅडलेड ते उलुरू अंतर जवळजवळ सोळाशे किलोमीटर. पोर्ट ऑगस्टा सोडलं की स्टुअर्ट हायवे लागतो. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी या टप्प्यात सुमारे अडीचशे किलोमीटर एक पेट्रोलपंप नाही, एक चहाची टपरी नाही. आपल्याकडे तेवढ्यात पुणं-कोल्हापूर होऊन शिवाय मिसळही खाऊन होते. समोरून येतात त्या ‘रोड ट्रेन’, म्हणजे मागे तीन-तीन डबे जोडलेले ट्रक. लांबी ५३.५ मीटरपर्यंत. एक शेजारून गेला की मोटार हलते, आणि गुंडू माझ्या मांडीवर येतो. छत्तीस किलो.

कुत्रं बरोबर नेणारे लोक नेहमी धर्मराजाचा दाखला देतात. मेहुण्यानंही दिला. म्हणे, युधिष्ठिरानं कुत्र्याशिवाय स्वर्गात जायचं नाकारलं. कबूल. पण महाभारत नीट वाचा. त्या प्रवासात वाटेत द्रौपदी पडली, एकेक करून चारही भाऊ पडले, आणि धर्मराजानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. असल्या सहलीच्या नियोजनाला आदर्श मानायचं असेल तर घरच्यांनी आधीच सावध व्हावं. शिवाय, ते कुत्रं आपण होऊन मागे आलं होतं. धर्मराजानं त्याला पट्टा लावून मागच्या सीटवर बसवलं नव्हतं. आपले नामदेव महाराजही तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, त्याला पुढे घालून पंढरपूरला निघाले नाहीत.

दुसरा दाखला खुद्द ऑस्ट्रेलियातला. १९७० च्या दशकात तिकडच्या पिलबारा भागात ‘रेड डॉग’ नावाचा एक कुत्रा होऊन गेला. मिळेल त्या मोटारीत, बशीत, ट्रकमध्ये बसून तो गावोगाव हिंडायचा. डॅम्पिअर गावाशी त्याचा पुतळा आहे, २०११ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. पण हा कुत्रा आपल्या मर्जीनं चढायचा आणि आपल्या मर्जीनं उतरायचा. गुंडूला ही सवलत नव्हती. आणि १९७९ साली तो विषबाधेनं मेला, हे सांगायला दाखला देणारे विसरतात.

विषाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या मुलखात रानटी कुत्री आणि कोल्हे मारायला मांसाचे विषारी तुकडे टाकतात. विषाचं नाव ‘१०८०’. आकडा ऐकून मला आधी जपाच्या दहा माळा वाटल्या. पण त्या विषावर उतारा नाही, आणि कुत्र्याच्या जातीला ते फार लवकर बाधतं. म्हणून तोंडाला जाळी. पाय मोकळे करायला उतरावं तर तोंड बांधलेलं, आणि पायाखाली चटके देणारं डांबर. याला ‘गुंडू एन्जॉय करतोय’ म्हणायचं!

कूबर पेडीजवळून तर कुत्र्यांना अडवण्यासाठी बांधलेलं कुंपणच जातं. लांबी सुमारे ५,६०० किलोमीटर. मेंढ्यांच्या मुलखात डिंगो, म्हणजे तिकडची रानकुत्री, शिरू नयेत म्हणून. एका देशानं कुत्री बाहेर ठेवण्यासाठी एवढा खर्च केला, आणि आम्ही पेट्रोल जाळून एक कुत्रा पलीकडे नेत होतो. हिशेबात बसणारी गोष्ट नाही ही.

आता उलुरू. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यांना मज्जाव आहे. सोळाशे किलोमीटर आलो आणि दोघांनी खडक बघायचा, दोघांनी गुंडूपाशी थांबायचं, अशा पाळ्या लावल्या. सूर्यास्ताला तो खडक लालभडक होतो म्हणतात. मी सूर्यास्ताच्या पाळीत गुंडूपाशी होतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. यापुढचं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मला या वादात बोलायचा अधिकार नाही.

परतीच्या वाटेवर एका पंपावर जेवायला थांबलो. बाहेर चव्वेचाळीस अंश. कुत्र्याला आत नेता येत नव्हतं, म्हणून एकानं मोटारीत एसी चालू ठेवून त्याच्याजवळ बसायचं होतं. पाळी माझी. मंडळी आत गेली. मी बसलो. इंजिन घुरघुरत होतं आणि पेट्रोल जळत होतं. आता, बावीस वर्षं मी शाखेतले पंखे आणि दिवे बंद करत आलो आहे. हात सवयीनं किल्लीकडे गेला. खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवल्या आणि म्हटलं, पाच मिनिटांत चहा घेऊन येऊ.

बँकेतली पाच मिनिटं केवढी असतात, हे कोणत्याही ग्राहकाला विचारा.

परत आलो तेव्हा गुंडू सीटवर आडवा पडला होता. जीभ बाहेर, धाप भात्यासारखी, आणि हाक मारली तर कान हलेना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि आतली हवाच तापली की धापांचा उपयोग होत नाही. चार बोटं खिडकीनं काही साधत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसता ओरडलो. मेहुणा धावत आला. आम्ही त्याला सावलीत ओढलं, ते वीस लिटर पाणी अंगावर ओतलं, सौ. नं ओढणीनं वारा घातला. जनावरांचा डॉक्टर कुठे, असं पंपावरच्या माणसाला विचारलं, तर त्यानं किलोमीटरचा आकडा शेकड्यांत सांगितला.

अर्ध्या तासानं गुंडूनं मान उचलली. दोन घोट पाणी प्यायला. आणि मग त्यानं माझा हात चाटला. मी त्या हातानं पुढे दोन दिवस नीट जेवलो नाही.

मेहुणा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, चूक तुमची, कुत्रं नेण्याची नव्हे. मान्य, चूक माझीच. पण असल्या प्रवासात चार माणसांनी आठ-दहा दिवस एकदाही चुकायचं नाही, अशी अट असते. हिशेब चुकला तर आमच्याकडे खिशातून भरपाई करतात. तिथे भरपाई गुंडूनं केली असती. ‘घरी ठेवलं तर तो झुरतो’ म्हणतात. झुरू दे की! ओळखीच्या शेजाऱ्याकडे, आपल्या गल्लीतल्या वासात, चार दिवस झुरेल आणि पाचव्या दिवशी त्यांच्याकडची पोळी खाईल. रानात मेंढ्या राखणारी कुत्री असतात, ती त्या मातीतली. आपला गुंडू सतरंजीवरचा. फिरवायचाच असेल तर थंडीत, जवळपास, संध्याकाळी घरी परतता येईल इतकाच फिरवा.

आणि तो खरोखर घरचा असेल, तर घरच्यासारखं विचारा तरी. जॉइंट खात्यावर दोघांच्या सह्या लागतात. हे खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ नव्हे.

परवा मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. नलारबॉर ओलांडून पर्थला जायचा बेत आहे. मी म्हटलं, “गुंडूला विचारलंस?”

“हे बघा, भाऊजी,” असं म्हणून त्यानं फोन वळवला आणि मोटारीची किल्ली खुळखुळवली. गुंडू दिवाणाजवळ बसला होता. तो उठला, आणि शांतपणे दिवाणाखाली गेला. शेपटीचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

मी म्हटलं, “सही नाही. चेक परत.”