छप्पर, घर आणि आसमान

फार आवाज झाला की इंग्रजी माणूस छप्पर वर उचलतो, म्हणजे 'रेझ द रूफ'. मराठी माणूस अख्खं घर डोक्यावर घेतो. आणि हिंदीत तर थेट आसमानच सर पर! बालाघाटात राहणाऱ्याच्या कानावर हे तिन्ही एकाच दिवशी पडू शकतात. म्हणून ते एकच आहेत असं धरून आपण भाषांतर करतो, आणि तिथेच फसतो.

इंग्रजी छप्पर रागानेही उचललं जातं आणि आनंदानेही. मॅच जिंकल्यावर, कॅरोल रंगल्यावर लोक छप्पर उचलतात, ते कौतुकच असतं. मराठीत 'पोरांनी घर डोक्यावर घेतलं' ही मात्र निव्वळ तक्रार. त्याच्यापुढे 'काहून एवढा कल्ला करून राहिले?' हेच येणार. आता त्यातलं 'घर' काढा आणि 'नाटक' घाला. 'प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर घेतलं.' झाली स्तुती! डोकं तेच, घेणं तेच, एका नामाने सगळा अर्थ फिरला.

म्हणूनच 'ब्रिंग द हाउस डाउन' धोक्याचं. यातलं हाउस म्हणजे 'हाउसफुल्ल'मधलं हाउस, नाट्यगृह. 'घर' दिसलं म्हणून कुणी 'प्रेक्षकांनी घर डोक्यावर घेतलं' लिहिलं, तर टाळ्यांचा कडकडाट गेला आणि दंगा उरला. डिक्शनरी अर्थ सांगते, पण बोलणारा खूश आहे की वैतागलेला, ते वाक्यातच शोधावं लागतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये शंभराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला 'नॉइज' हा शब्द आहे, तोही देवाच्या स्तुतीसाठी. तिथे मराठीत 'गोंगाट' लिहून बघा! जयघोषच लागतो.

राहिला प्रश्न 'आकाश डोक्यावर उचललं' अशा आपल्याकडच्या वाक्याचा. ते ऐकून पुण्याकडचा माणूस हसेल. हसू दे. मध्य प्रांताच्या नागपूर विभागात बालाघाट आणि भंडारा शेजारी होते. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्याच्या तोंडी असं वाक्य येणारच, आणि बोलताना ते मला चुकीचं वाटत नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र घरच डोक्यावर घ्यावं, कारण तपासणारा कुठला असेल सांगता येत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. आपल्यातले बरेच जण हिंदी वाक्य मनात धरून मराठी लिहितात आणि मराठीत यासाठी काय आहे हे शोधतच नाहीत. कल्ला, गलका, धिंगाणा, बोंबाबोंब, शिमगा असे कितीतरी शब्द पडून आहेत, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा.

आणि गोंधळ तर आहेच. वर्गात घातला तर शिक्षा होते, लग्नानंतर देवीपुढे घालतात तेव्हा पाहुणे बोलावतात. 'उद्या आमच्या घरी गोंधळ आहे,' हे वाक्य इंग्रजीत करून पाहा. छप्पर उचलून भागणार नाही.