शिर्डीची कीर्ती आणि चित्रपटाची मजुरी

शिर्डीची ख्याती महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली, तिचे श्रेय जसे भक्तांच्या श्रद्धेला तसे काही अंशी रुपेरी पडद्यालाही द्यावे लागते. कुमारसेन समर्थ यांनी १९५५ मध्ये मराठीत ‘शिर्डीचे श्री साईबाबा’ हा चित्रपट काढला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘शिर्डी के साईबाबा’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याच वर्षीच्या ‘अमर अकबर अँथनी’तील साईमंदिराचा प्रसंग तर खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांच्याही तोंडी झाला. आज शिर्डीला रेल्वे स्थानक आहे, २०१७ पासून विमानतळ आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूरपासूनचा पहिला टप्पा शिर्डीपर्यंतच खुला झाला. निवासगृहे, खानावळी, हारफुलांची दुकाने, प्रवासी मोटारी यांवर राहाता आणि कोपरगाव तालुक्यांतील हजारो कुटुंबांची चूल पेटते. चित्रपटाने शिर्डीला गिऱ्हाईक मिळवून दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु चित्रपटाने शिर्डीला किंवा एकूणच या जिल्ह्याला रोजगार दिला काय, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल.

वस्तुतः या जिल्ह्याने, म्हणजे कालच्या अहमदनगरने आणि आजच्या अहिल्यानगरने, चित्रसृष्टीला माणसे कमी दिलेली नाहीत. शाहू मोडक याच मातीतले. सदाशिव अमरापूरकर याच शहरातले. ‘सामना’ या १९७५ च्या चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे जामखेडचे. साखर कारखानदारीच्या राजकारणावर मराठीत निघालेल्या त्या पहिल्या धीट चित्रपटामागे साखरपट्ट्याला लागूनच असलेल्या दुष्काळी तालुक्यातला एक शिक्षकी पेशातला कवी उभा राहावा, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. अलीकडच्या काळात श्रीगोंदे तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत स्थान मिळाले. नागराज मंजुळे मूळचे करमाळ्याचे. पण त्यांचे माध्यमशिक्षण झाले ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. म्हणजे गुणांची वाण नाही. वाण आहे ती त्या गुणांना जिल्ह्यातच, किंवा निदान जिल्ह्यातून, उपजीविका मिळवून देणाऱ्या व्यवस्थेची.

अशी व्यवस्था दोन खांबांवर उभी असते. एक व्यावसायिकांच्या संघटना, आणि दुसरा सरकारी उत्तेजन. या दोहोंचा महाराष्ट्रातील अनुभव तपासल्यावाचून शिर्डीसारख्या ठिकाणाच्या आशा-आकांक्षांची चर्चा करणे म्हणजे नुसते मनोरे रचणे होय.

प्रथम संघटनांचा विचार करू. निर्मात्यांची ‘इम्पा’ ही संस्था १९३७ पासून मुंबईत आहे. कामगार आणि तंत्रज्ञ यांच्या निरनिराळ्या कसबांच्या संघटनांचा महासंघ १९५६ मध्ये स्थापन झाला. छायालेखकांचे साहाय्यक, प्रकाशयोजनेचे कामगार, रंगभूषाकार, वेशभूषाकार, नर्तक, साहसदृश्ये करणारे अशा कितीतरी कसबांच्या संघटना त्यात आहेत. या धंद्यात नोकरी नावाची वस्तू जवळजवळ नाही. चित्रीकरण सुरू झाले की काम, संपले की घरी. अशा ठिकाणी पाळीचा दर, कामाचे तास, जेवण आणि प्रवासखर्च, बुडालेल्या मजुरीची वसुली या गोष्टी एकट्यादुकट्या कामगाराला कधीच साधल्या नसत्या. ऑक्टोबर २००८ मध्ये महासंघाने काम बंद केले तेव्हा मुंबईतील चित्रपटांचे आणि दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण ठप्प झाले होते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रीकरणे थांबली, तेव्हा रोजंदारीवरच्या कामगारांपर्यंत मदत पोहोचविण्यास याच संघटनांच्या सदस्य-याद्या उपयोगी पडल्या. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच कोणाजवळ नव्हता. संघटनेच्या ओळखपत्राची किंमत अशा वेळी कळते.

परंतु जे ओळखपत्र आतल्याला छत्र असते तेच बाहेरच्याला कुंपण ठरते. अर्थशास्त्रात याला प्रवेशाचा अडसर म्हणतात; गावाकडच्या मुलाला तो नुसताच ‘कार्ड नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून कार्ड नाही’ असा अनुभवास येतो. ही काही केवळ कल्पना नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगभूषाकारांच्या संघटनेचे दोन नियम मोडीत काढले. स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व न देण्याचा एक, आणि महाराष्ट्रात पाच वर्षांचे वास्तव्य असले पाहिजे असा दुसरा. पुढे २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाने, सदस्येतरांना कामावर घेण्यास निर्मात्यांना अटकाव करणारी बंधने कायद्याशी विसंगत ठरविली. दंड मात्र केला नाही, आणि ते योग्यच झाले. कारण दुर्बळांची संघटना आणि भांडवलदारांची मक्तेदारी यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे झाले असते.

मराठीपुरते पाहिले तर अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्य कार्यालय कोल्हापुरात आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुंबईबाहेर मुख्यालय असलेली चित्रपट व्यावसायिकांची अशी संस्था हा कोल्हापूरच्या इतिहासाचा वारसा होय. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुतारकामापासून छायालेखनापर्यंत सारे शिकलेली माणसे १९२९ मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. दामले, फत्तेलाल, शांताराम यांना कोणी पदवी दिली नव्हती. कंपनी हीच त्यांची शाळा होती. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली तरी कोल्हापुरात कसब उरले, माणसे उरली, आणि भालजी पेंढारकरांसारख्यांनी ते टिकविले. उद्योग एका ठिकाणी रुजतो तो असा. कसबी माणूस शेजारी मिळतो म्हणून नवा निर्माता येतो आणि नवा निर्माता येतो म्हणून नवा कसबी माणूस तयार होतो. शिर्डीला हे चक्र कधी फिरू लागलेच नाही. तेथे चित्रपटाचा विषय होता, कारागीर नव्हता. महामंडळाच्या निवडणुका आणि कारभार यांवरून वृत्तपत्रांत वेळोवेळी जे वाद गाजले, त्यांत नगर, बीड, जालना या भागांतील उमेदवार तंत्रज्ञाला सदस्यत्व कसे मिळावे हा प्रश्न मात्र फारसा कोठे दिसला नाही.

आता सरकारी उत्तेजनाकडे वळू. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये करपरताव्याची योजना सुरू केली. मराठी चित्रपटाच्या प्रदर्शनातून जो करमणूक कर जमा होई, तो निर्मात्याने पुढचा चित्रपट पूर्ण केल्यावर त्याला परत मिळे. कल्पना चांगली होती, कारण तीत निर्मात्याला धंद्यात टिकवून धरण्याची युक्ती होती. कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या कामगारांना सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात जे सलग काम मिळाले, त्यात या योजनेचा वाटा होता. पण तिच्यातच दोन दोष दडलेले होते. ज्याचा चित्रपट चालला त्याचाच कर जमा होणार आणि त्यालाच परतावा मिळणार. दादा कोंडके यांच्यासारख्या लोकप्रिय निर्मात्यास तिचा लाभ होणे स्वाभाविक होते, पडलेल्या चित्रपटाच्या निर्मात्यास मात्र तिचा काडीचा आधार नव्हता. शिवाय परतावा पदरात पाडून घेण्यासाठी दुसरा चित्रपट कसाबसा, कमीत कमी खर्चात उरकण्याचा मोह निर्माण झाला. त्या मोहातून निघालेल्या विनोदी पटांची आठवण त्या पिढीच्या प्रेक्षकांना असेलच.

पुढे परताव्याची जागा थेट अनुदानाने घेतली. तयार चित्रपटाचे समितीकडून परीक्षण होते, गुण दिले जातात, आणि त्या गुणांनुसार ‘अ’ दर्जाला ४० लाख व ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये अशी रचना आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर करमणूक कराचे जुने हत्यार राज्याच्या हातातून बहुतांशी निसटले, त्यामुळे अनुदानाचे महत्त्व अधिकच वाढले. गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये झाली, कोल्हापूरची नंतर झाली. चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळा द्याव्यात असे फर्मान २०१५ मध्ये निघाले. शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे म्हणूनच खोटेपणाचे ठरेल.

तथापि या सर्व योजनांत एक समान सूत्र आहे: पैसा चित्रपट पूर्ण झाल्यावर येतो. आधीची सारी जोखीम निर्मात्याची. ज्याच्यापाशी भांडवल आहे किंवा ज्याला सावकार ओळखतो, त्यालाच हे झेपते. ‘ख्वाडा’साठी आपली जमीन विकावी लागल्याचे कऱ्हाडे यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. त्या कथेचे कौतुक पुष्कळ झाले. जमीन विकून कला जोपासणे हे धाडस खरेच. पण एखाद्या राज्याचे उत्तेजनाचे धोरण जर शेतकऱ्याच्या मुलाने सातबारा मोकळा केल्यानंतरच त्याच्या उपयोगी पडत असेल, तर कौतुकापेक्षा काळजी वाटावी अशीच ती गोष्ट आहे. आणि चित्रपट पडला तर? न चाललेल्या चित्रपटांच्या निर्मात्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही.

शिर्डीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या लोणीत याच्या अगदी उलट उदाहरण घडलेले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला, तो उसाचे गाळप झाल्यावर बक्षीस मिळेल या भरवशावर नव्हे. शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केले, वित्तसंस्थांनी कर्ज दिले, आणि पुढे राज्यभर निघालेल्या कारखान्यांना शासनाचे भागभांडवल व हमी मिळाली. साखरेला जे आधी दिले ते चित्रपटाला नंतर का? साखरेचा भाव ठरलेला असतो आणि चित्रपटाचा नसतो, हे उत्तर अर्धेच खरे आहे. साखर कारखानेही बुडाले आहेत आणि त्यांची हमी शासनाने भरलेली आहे. चित्रपटाला आगाऊ कर्ज देण्याचा प्रयोग देशात झालेला नाही असेही नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर ‘भुवन शोम’ निघाला. गुजरातेत पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढले आणि १९७६ मध्ये ‘मंथन’ तयार झाला. सहकाराची पंढरी म्हणविणाऱ्या नगर जिल्ह्याला दुधाच्या सहकारातून झालेला हा चित्रपट ठाऊक असावा. त्याचे अनुकरण मात्र येथे झाले नाही.

अनुदानाबद्दल दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. अनुदान निर्मात्याला मिळते, कामगाराला नाही. ४० लाखांतून प्रकाशयोजनेच्या मदतनिसाच्या वाट्याला काय आले, हे अनुदान देताना काटेकोरपणे पाहिले जाते असा अनुभव नाही. केंद्राने १९८१ मध्ये चित्रपट कामगारांसाठी कायदे केले. त्यांत लेखी कराराची सक्ती होती, कल्याणनिधी होता, आणि त्या निधीसाठी चित्रपटांवरील उपकरही होता. उपकर पुढे रद्द झाला, आणि लेखी कराराचा कायदा २०२० च्या कामगार संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांच्या नावाने सामावला गेला. लेखी करार ही चैन नव्हे. गावाकडे चित्रीकरणास आलेल्या पथकाबरोबर महिनाभर राबलेल्या स्थानिक तरुणाला मजुरी बुडाली तर दाद मागण्यास कागद हाच एक पुरावा असतो, आणि श्रेयनामावलीत नाव आले तर पुढच्या कामासाठी तेच त्याचे प्रशस्तिपत्र.

इतर राज्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. तेलुगू चित्रपट एके काळी मद्रासमध्ये तयार होत असे. आंध्र शासनाने सवलती आणि जमिनी देऊन तो धंदा हैदराबादेस आणला. पण एका रात्रीत नव्हे, त्यास दोन दशके लागली. गुजरातेतील उमरगाव तर महाराष्ट्राच्या वेशीवरच. तेथे ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले आणि त्या लहानशा गावात कलागृहांचा व्यवसाय रुजला. म्हणजे आडगाव हे काही अपात्रतेचे लक्षण नाही.

मग शिर्डीत चित्रनगरी काढावी काय? अशी मागणी कोणी केली की टाळ्या मिळतात. परंतु मोकळ्या जमिनीवर बांधलेले रिकामे कलागृह म्हणजे भांडवलाची नासाडी होय. कोल्हापूरच्या चित्रनगरीने कित्येक वर्षे उपेक्षेत काढली, हे विसरून चालणार नाही. शिर्डीचे बळ निराळे आहे. उतरण्याच्या खोल्या हजारोंनी आहेत, वाहने आहेत, मोठ्या संख्येने माणसांना जेवू घालण्याची सवय आहे, आणि पथकाला मुंबईहून काही तासांत पोहोचता येते. भंडारदऱ्याचा जलाशय, अकोल्याचे डोंगर, गोदावरीकाठची कोपरगावकडील ऊसशेती आणि दक्षिणेकडील माळरान ही सारी दृश्ये एकाच जिल्ह्यात सापडतात. उणीव आहे ती प्रशिक्षित हातांची. लग्नाच्या चित्रीकरणावर पोट भरणारे तरुण आज प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यापाशी यंत्रे आहेत, नजरही आहे. चित्रपटाच्या पथकात काम करण्याची शिस्त मात्र कोणी शिकविलेली नाही.

स्थानिकांनाच घ्या असा दंडक घालणे सोपे वाटते. परंतु वास्तव्याच्या अटीचे न्यायालयात काय झाले ते वर आलेच आहे. त्याऐवजी अनुदानाचा काही भाग चित्रीकरणाच्या ठिकाणी झालेल्या खर्चाशी आणि पथकात घेतलेल्या शिकाऊ उमेदवारांच्या संख्येशी जोडता येईल. उमेदवार कोठलाही असो, त्याचा लेखी करार आणि बँकेत जमा झालेली मजुरी हा पुरावा मानावा. संहिता मंजूर झालेल्या नव्या दिग्दर्शकाला अनुदानाची काही रक्कम जिल्हा बँकेमार्फत आगाऊ, हमीवर द्यावी. बुडीत जाईल तेवढी तूट शासनाने सोसावी, जशी ती साखरेत सोसली. महामंडळाने आणि कामगार महासंघाने शिकाऊ सदस्यत्वाचा वर्ग काढून त्याचे शुल्क हप्त्याने घ्यावे, आणि नावनोंदणीसाठी मुंबई किंवा कोल्हापूरची वारी करावी लागू नये इतके तरी पाहावे. न्यू आर्ट्ससारख्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे विद्यार्थी हे या वर्गाचे पहिले सदस्य होऊ शकतील. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. लागेल तो एक शासननिर्णय आणि दोन संघटनांच्या नियमावलीतील दुरुस्ती. आणि त्या दुरुस्तीला जुन्या सदस्यांचा विरोध होईल हे गृहीत धरूनच शासनाला अनुदानाची अट घालावी लागेल.