यादीत कुणीतरी पहिला येतोच

कोणतं मॉडेल सरस, यावर शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. विषय असा: एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस दुसऱ्या कॅमेऱ्यात शोधायचा. याला पर्सन री-आयडेंटिफिकेशन म्हणतात. चेहरा लागतच नाही. कपड्यांचा रंग, अंगकाठी, हातातली पिशवी यांवरून माणसाची आकड्यांची एक रांग होते (रेसनेट-५० मध्ये साधारण २०४८ आकडे), आणि ज्या दोन रांगा जवळच्या, तो माणूस एकच मानला जातो.

मी समाजशास्त्राची, पण पीएचडीसाठी हे निबंध वाचावे लागले. मला खटकली ती यांची परीक्षा. मार्केट-१५०१ हा गाजलेला डेटासेट २०१५ चा: चीनच्या त्सिंग्हुआ विद्यापीठातले ६ कॅमेरे, १५०१ माणसं. त्यावर आजची मॉडेल्स ९५ टक्क्यांच्या पुढे जातात. पण शोधला जाणारा माणूस गॅलरीत आहेच, हे तिथे आधीच धरलेलं असतं. 'तो इथे नाही' हे उत्तरच नाही. मॉडेल फक्त क्रमवारी लावतं, आणि क्रमवारीत कुणीतरी पहिला येतोच.

आता हे मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आणा. कर्नाटकात २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे लावणं आणि ३० दिवसांचं चित्रण सांभाळणं भाग पाडलं आहे. अशोका रोडवर झाडणाऱ्या पौरकार्मिक बाया एकाच रंगाच्या जॅकेटात असतात. बाजाराला निघालेल्या बाया काळ्या बुरख्यात. ज्या यंत्राला मुख्यतः कपडे कळतात, त्याला या सगळ्या सारख्याच. रोज वेगळा शर्ट घालणारे साहेब मात्र त्याला नीट वेगळे दिसतात. चुकीची जुळणी कुणाच्या दारात जाणार, हे सांगायला डीप लर्निंग लागत नाही.

मॉडेल सुधारलं की प्रश्न मिटेल, असं तंत्रज्ञ मित्र सांगतात. कसा मिटेल? गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी घेतली जायची. त्या हजेरीत चूक होत नव्हती, रजिस्टर अचूकच होतं! कायदा १९५२ साली गेला, नजर गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुकन्या शांता खटल्याच्या निकालात, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये हे सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं. या नजरेच्या हाती अचूक मॉडेल दिलं तर रजिस्टर आपोआप भरत राहील, एवढंच.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आपल्या आवारात ८ कॅमेऱ्यांनी टिपलेला डेटासेट टीका झाल्यावर २०१९ मध्ये मागे घेतला. तिथे टिपले गेलेले विद्यार्थी होते, त्यांच्यासाठी तिथल्या प्राध्यापकाला माफी मागावीशी वाटली. नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तेव्हा त्याला कार्यक्षमता म्हटलं गेलं. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा? त्यात सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना सूट आहे.

तेव्हा तुलनेचा पुढचा तक्ता छापाल त्यात दोन रकाने वाढवा. माणूस गॅलरीत नसताना मॉडेलने कितींदा कुणाला तरी पुढे केलं? एकाच गणवेशातल्या कामगारांत कितींदा गल्लत केली? तो तक्ता निदान जामिनाच्या अर्जाला जोडता येईल.