तुमची मराठी कुठल्या फॉन्टमध्ये अडकलीय?

एक प्रयोग करून बघा. तुमच्या कॉलेजच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या वार्षिकांकाची फाइल मिळवा. छापलेला अंक नको, फाइलच हवी. लायब्ररीतल्या एखाद्या सीडीवर असेल, नाहीतर ज्यांनी अंक लावला त्या डीटीपीवाल्यांकडे असेल. ती आपल्या लॅपटॉपवर उघडा. बऱ्याचदा काय दिसतं माहितेय? जिथं 'मराठी' असायला हवं तिथं ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी इंग्रजी अक्षरांची रांग. तुम्ही म्हणाल, फाइल करप्ट झाली. नाही झाली. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द साठवायची रीतच तशी आहे.

म्हणजे कशी? कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये 'म'चा आकडा २३५० आहे. नाशिक रोडच्या मोबाइलवर तोच आणि टोरांटोतल्या लॅपटॉपवरही तोच. पण आपल्याकडे युनिकोड रुळायच्या आधीच डीटीपी गल्लोगल्ली पोचलं होतं. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवली. फाइलमध्ये साठवायचा 'ई', पडद्यावर दाखवायचा 'म'. श्रीलिपी, शिवाजी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाची बसवणूक वेगळी. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की रद्दी.

या जुगाडाला मी नावं ठेवणार नाही. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गाइडं, वर्तमानपत्रं, सगळं त्याच्या जिवावर निघालं. पेजमेकरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत जमलंच नाही, मग डीटीपीवाल्यानं करायचं काय? शिवाय शेवटी कागदच हातात पडणार असेल, तर आत काय साठवलंय याच्याशी कुणाला देणंघेणं? छपाईवर जगणाऱ्या नाशिक रोडला हे वेगळं सांगायला नको. १९२५ पासून इथं सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून नोट प्रेस. नोटेवरच्या पंधरा भाषांच्या पट्टीत मराठी असते, पण ती कुणाला कॉपी-पेस्ट करायची नसते. मुक्तिधामच्या भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय आहेत, तेही वाचायला फॉन्ट इन्स्टॉल करावा लागत नाही. कागदाचं आणि दगडाचं बरं असतं. पंचाईत होते ती तोच मजकूर उचलून दुसरीकडे न्यायचा असतो तेव्हा.

आणि आता तो सतत न्यायचा असतो. प्रोजेक्ट रिपोर्ट सरांना वर्डमध्ये हवा, ऑफिसला पीडीएफ हवा, वेबसाइटवर टाकायला आणखी काहीतरी तिसरंच. मग सबमिशनच्या आदल्या रात्री बिटको चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात रांग. ही रांग टाळणारं एक हत्यार आहे, पॅनडॉक नावाचं. जॉन मॅकफार्लेन नावाचे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांनी ते २००६ मध्ये लिहिलं. (हो, तत्त्वज्ञानाचे. आर्ट्सवाल्यांनी कॉलर टाइट करायला हरकत नाही.) फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे. फक्त त्याला बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. पॅनडॉक, मग जुन्या फाइलचं नाव, मग डॅश ओ, मग नव्या फाइलचं नाव. एंटर. वर्डचं वेबपेज होतं, वेबपेजचं ईबुक होतं, हवं तर त्याचं पुन्हा वर्ड. इनडिझाइनमध्ये घेता येईल अशी फाइलसुद्धा ते देतं.

खरी गंमत त्याच्या पोटात आहे. पॅनडॉक आधी तुमच्या लेखाचा सांगाडा काढतं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही तळटीप. मग त्या सांगाड्यावर हवे ते कपडे चढवतं. त्यामुळे तुम्ही सांगाडा नीट दिला पाहिजे. आपण काय करतो? शीर्षक सिलेक्ट करतो, ठळक करतो, आकार १८ करतो, झालं. आपल्याला ते शीर्षक दिसतं. पॅनडॉकच्या लेखी तो नुसता ठळक परिच्छेद असतो. वर्डमधली 'हेडिंग १' ही स्टाइल लावली असेल तरच त्याला कळतं, आणि मग अनुक्रमणिकाही ते आपोआप बनवतं. अनुक्रमणिका हातानं टाइप करून पान नंबर जुळवत बसलेल्या पोरांना हे वाचून जरा त्रास होईल. याहून सोपी वाट मार्कडाउनची, जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं. ओळीच्या आधी हॅश आणि एक जागा सोडली की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे लावले की ठळक. व्हॉट्सअॅपवर तारे टाकून शब्द ठळक करता ना? जवळपास तेच.

एक टीप मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. पॅनडॉककडून थेट पीडीएफ मागाल तर देवनागरीवर ते अडखळेल. त्याला झीलाटेक हे इंजिन वापर आणि अमुक देवनागरी फॉन्ट घे, अशा दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. एकदा ती ओळ जमली की जपून ठेवा, वर्षभर चालते.

आता या पॅनडॉकला तो जुना कृतिदेवमधला लेख वर्डच्या फाइलमधून देऊन बघा. सांगाडा तंतोतंत येईल. तळटीप तळटीपेच्या जागी, यादी यादीच्या जागी. आणि मजकूर? ई, जे, के, बी, एच. पॅनडॉकनं फॉन्ट बाजूला ठेवला आणि फाइलमध्ये जे खरोखर लिहिलंय तेवढं उचललं. त्यात बिचाऱ्याचा दोष नाही. तिथं मराठी नव्हतीच, मराठीसारखं दिसणारं काहीतरी होतं.

त्याची किंमत कोण मोजतं? ज्याला दिसतं त्याला फारशी मोजावी लागत नाही, तो पानाचा फोटो वाचून घेतो. पण तुमच्या वर्गातल्या अंध मित्राचा विचार करा. त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीएसारखं सॉफ्टवेअर, फाइलमधला मजकूर वाचतं. युनिकोड असेल तर ते मराठीत वाचेल. जुन्या फॉन्टमध्ये नोट्स असतील तर त्याच्या कानावर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा भडिमार. नोट्स मिळाल्या, फाइल उघडली आणि त्याला एक शब्दही कळला नाही. परीक्षा तीच, मार्कांची चुरस तीच.

बदलून घेता येतं का? येतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, फुकटही आहेत. पण ते आंधळेपणानं वापरू नका. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी साठवतात आणि अक्षर नंतर, जशी हातानं लिहिताना डावीकडे येते तशी. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचीही अशीच उलटापालट. कन्व्हर्टरला ही सगळी रांग पुन्हा लावावी लागते आणि जोडाक्षरांत तो कधीकधी चुकतो. आपला चंद्रकोरीसारखा 'र' तर खास जपावा लागतो. 'आचार्यांचा सत्कार' आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' यात किती फरक आहे हे गॅदरिंगच्या कमिटीला विचारा. इंटर्नशिपमध्ये मेलवर येणारी प्रसिद्धिपत्रकं युनिकोडमध्ये आणायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून सांगते, बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घालायला पर्याय नाही.

'एवढी काय घाई आहे, फाइली कुठं पळून चालल्यात?' असं कुणी म्हणेल. मोडीचं बघा ना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथले व्यवहार मोडीत लिहिले जात होते, घराघरांत वाचणारे होते. मग शाळेतून मोडी गेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा जुने कागद तर दप्तरात होते, पण ते वाचायला मोडीचे जाणकार शोधावे लागले. कागद शाबूत आणि वाचणारे मोजके. फॉन्टचं तर त्याहून वाईट. मोडी शिकता तरी येते. फॉन्ट हरवला आणि त्याची बसवणूक कुणाला ठाऊक नसली, तर एकेक अक्षर कोड्यासारखं सोडवत बसा.

उलट उदाहरणही आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज तो शिकागो विद्यापीठाच्या वेबसाइटवर शब्द टाइप करून शोधता येतो. १८५७ सालचं पुस्तक मोबाइलवर सापडतं, आणि आपल्या सीनियरची दहा वर्षांपूर्वीची कविता सापडत नाही!

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, स्टेटस लागले. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हारही आपण नियमानं घालतो. घालूच. पण यंदा त्या कार्यक्रमाच्या बजेटमधून थोडे तास या कामाला काढायला काय हरकत आहे? प्रत्येक कॉलेजनं आपले जुने वार्षिकांक युनिकोडमध्ये आणावेत आणि नव्या अंकासाठी डीटीपीवाल्याशी ठरवतानाच सांगावं की पीडीएफसोबत युनिकोड मजकुराची फाइलही द्या. इनडिझाइनच्या हल्लीच्या आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं नीट येतात, त्यामुळे 'युनिकोडमध्ये पान लागत नाही' ही सबब आता जुनी झाली. आणि प्राध्यापकांनीही मराठी असाइनमेंट युनिकोडमध्येच स्वीकारावी. दोन टर्म कुरकुर होईल, मग सगळे शिकतील.

एनएसएसच्या पोरांना हे काम द्या, मास कॉमच्या द्या, बीसीएसच्या द्या. बीसीएसवाल्यांना पॅनडॉक आवडेल आणि मराठीवाल्यांना 'ऱ्या'च्या चुका दिसतील, म्हणून दोघांना एका बाकावर बसवा. सुरुवात मात्र काळ्या पडद्यापासून नको. आधी ज्यांनी तुमचे अंक लावले त्या डीटीपीवाल्या काकांकडे जा. कुठल्या साली कुठला फॉन्ट होता, त्याची कुठली आवृत्ती होती, हे त्यांना आठवत असेल. श्रीलिपी म्हटलं तर कुठली, हेही विचारा. वर्ष आणि फॉन्ट अशी यादी वहीत उतरवून घ्या. काका दुकान बंद करून गावी जायच्या आत.