पासपोर्टच्या कव्हरातले सिम

विमानतळाच्या दारात निरोपाची घाई चाललेली असते. मुलगा आईचा फोन मागून घेतो, तिच्याच कानातल्या रिंगच्या तारेने सिमचा ट्रे बाहेर काढतो, नवे परदेशी सिम आत सरकवतो आणि जुने सेलोटेपने पासपोर्टच्या कव्हराला आतून चिकटवून देतो. ‘परत आलीस की लागेल, हरवू नकोस.’ आई मान डोलावते. महिन्याभराने न्यू जर्सीत लेकीच्या घरी बसून ती बँकेचे ॲप उघडते, कारण इकडे मुदत ठेव संपत आलेली असते. ओटीपी पाठवला आहे, असे बँक सांगते. ज्या सिमवर तो यायचा, ते वरच्या मजल्यावर कपाटात, पासपोर्टच्या कव्हरात असते.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे याहून वाईट झाले. सहा महिने अमेरिकेत राहून त्या परतल्या तेव्हा नंबरच बंद पडला होता. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही, तर कंपनी तो काढून घेऊ शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून तो आणखी ३० दिवस राखण्याची सोय दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमात आहे. त्यांना हे कुणी सांगितले नव्हते. बँक, पेन्शन, आधार, गॅसची नोंदणी, सगळीकडे तोच नंबर. तो सगळीकडे बदलून घेताना त्यांनी दोन महिने खेटे घातले.

परदेशी जाताना कोणत्या कंपनीची सेवा घ्यावी, याची चर्चा आपल्याकडे ‘रोज किती जीबी’ इथून सुरू होते. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: माझा भारतातला नंबर तिथे जिवंत राहील का? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचा हिशेब करू नये. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिम चालतात. आपले सिम काढूच नका. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू ठेवा, रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे न्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमचे डेटा रोमिंग तेवढे बंद करा. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक योजनांत पैसे पडत नाहीत. मात्र पॅक नसताना आलेला फोन उचलला की मीटर सुरू होते, हे लक्षात असू द्या. इंटरनेटसाठी तिथले सिम किंवा ई-सिम घ्या. आठवड्याभराचा प्रवास असेल, किंवा प्रवासी वयस्कर आणि एकटा असेल, तर दोन पैसे जास्त देऊन आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेणे बरे.

रोमिंगमध्ये आपला फोन तिथल्या कंपनीच्या टॉवरवर चालतो, पण डेटा बहुतेक वेळा भारतात येऊन मग बाहेर जातो. दर चढे असण्यामागे दोन कंपन्यांमधला हा व्यवहार असतो. चीनमध्ये याच वळशाचा उपयोग होतो: तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप अडते, भारतातल्या सिमच्या रोमिंगवर ते सहसा चालते. दुबईत स्थानिक सिम घेतले तर व्हॉट्सॲपवर मजकूर जातो, कॉल लागत नाही. नातवंडांचा चेहरा पाहण्यासाठी महिन्याचा डेटा घेतलेल्याला हे आधी कळायला हवे.

युरोपच्या सहलीचा खड्डा निराळा. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा आकाराशिवाय चालते. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनही त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही, आणि आता ब्रिटनही नाही. आपल्या सहली तर लंडन, पॅरिस करून युंगफ्राऊला जाणाऱ्या! काही कंपन्या आपण होऊन स्वित्झर्लंड जोडतात, काही जोडत नाहीत. घेताना देशांची यादी वाचा. क्रूझवर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि नेहमीचा पॅक तिथे लागू होईलच असे नाही. बोटीवर पाऊल ठेवताच फोन एअरप्लेन मोडवर टाका.

मुलाने अमेरिकेतून पाठवलेल्या आयफोनचाही विचार करा. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही. त्यात आपले प्लास्टिकचे सिम बसत नाही. निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडून ते ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागते. उलट, फार जुना फोन अमेरिकेत नेला तर त्यावरून बोलताच येणार नाही, कारण तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले.

ट्रायने २०२० मध्ये कंपन्यांवर बंधने घातली: ग्राहकाने मागितल्याशिवाय आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करायचे नाही आणि डेटा ५०, ८० व १०० टक्के संपला की एसएमएसने कळवायचे. नियम चांगला आहे. पण हा इशारा सत्तर वर्षांच्या बाईला वाचता आला पाहिजे. कंपन्यांनी तो ग्राहकाच्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, पाठवावा. आणि पॅक विकतानाच चार गोष्टी एका पानावर छापून द्याव्यात: कोणते देश, कधीपासून मुदत, एसएमएस येतील का, मर्यादा संपल्यावर दर काय. हे फुकटात होण्यासारखे काम आहे.

मुलांनो, आईवडिलांच्या सिमच्या ट्रेला विमानतळावर हात लावू नका. रोमिंग सुरू करण्याचे काम निघण्याआधी आठवडाभर, घरी बसून उरका. कंपनीच्या ॲपमध्ये शिरायलासुद्धा ओटीपी लागतो, आणि तो त्याच नंबरवर येतो.